साबण देता, तसे हातमोजेही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीत हात मऊ राहावेत म्हणून काही घरगुती उपाय छापून आले. लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन हात चोळावेत, खायच्या सोड्याचा लेप द्यावा, वगैरे. वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण आपला पेपर ज्या घरात येतो, त्याच घरात भांडी घासायला येणारी बाई तो रद्दीत जाताना घरी नेते, तिची कॉलेजात जाणारी मुलगी तिला तो वाचून दाखवते, आणि रात्री ती माउली उललेल्या हातांवर लिंबू चोळते. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षे त्वचारोगाच्या ओपीडीत गेली. असे लिंबू चोळून आलेले हात मी धरलेले आहेत.

लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, ७ च्या वर अल्कली) २ ते ३ च्या दरम्यान असतो, म्हणजे तो चांगलाच आम्ल. आमच्या मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांना माती-पाण्याच्या अहवालामुळे सामू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. धड कातडीला हा रस थोडा वेळ चालून जातो. भेगेत गेला की आग आग होते, आणि साखरेचे कण त्याच भेगा आणखी फाडतात. रस हातावर राहून वर ऊन लागले तर काहींना भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन्महिने जात नाहीत. सोडा अल्कलीधर्मी, आणि हाताची वाट मुळात अल्कलीनेच लागलेली असते. तेव्हा ज्यांच्या हाताला भेगा, सालपटे किंवा खाज आहे त्यांनी यातले काहीही करू नये, एवढे तरी आपण येत्या अंकात छापावे ही पहिली विनंती.

आता मूळ मुद्दा. आपण 'हात सुंदर कसे ठेवावेत' यावर लिहितो. मी ज्या बायका पाहिल्या त्यांना सुंदर हात नको होते. त्यांना भाकरी थापता यावी, मीठ चिमटीत धरता यावे, लेकराच्या अंगावरून हात फिरवताना त्याला खरबरीत लागू नये, इतकेच हवे होते.

एक मावशी मला चांगल्या आठवतात. ओपीडीत नंबर आला तरी त्यांनी मूठ उघडली नाही. मी म्हटले, "मावशी, हात सरळ करा." तर म्हणाल्या, "सरळ केला की फुटतोय, सिस्टर." खरेच फुटत होता. तळव्याच्या आडव्या रेषेत आणि अंगठ्याच्या पेरावर चिरा होत्या, त्यांत हळद भरलेली, आणि हळदीखालून रक्त ओले दिसत होते. बोटांची टोके गुळगुळीत झालेली, चकचकीत, रेषा म्हणून नाहीत. करंगळीच्या नखाच्या कडेला सूज. चार घरची धुणी-भांडी आणि दोन घरची नुसती भांडी असे त्यांचे काम होते. "मीठ हातात घेतलं की झोंबतंय. भाकरीला गरम पाणी घेतलं की डोळ्यांतनं पाणी येतंय. आता पोरगीच थापती," असे सांगत होत्या. घरच्यांनी पायाच्या टाचांसारखेच हातांच्या भेगांतही कोकमतेल वितळवून भरून पाहिले होते. त्याने थोडे बरे वाटे, पण सकाळी पुन्हा सहा घरचे पाणी.

डॉक्टरांनी औषध लिहून दिले. ते बरोबरच होते. पण औषधाने बरा झालेला हात दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टबात जाणार असेल तर औषध कुठवर पुरे पडणार? हाताच्या इसबाचे (एक्झिमाचे) निम्मे दुखणे केसपेपरवर नसते, ते मोरीत असते.

कातडीचा सगळ्यांत वरचा थर अंगावर बहुतेक जागी कागदाहून पातळ असतो. त्यातल्या मेलेल्या पेशींच्या मधून स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, आणि तोच आतले पाणी आत व बाहेरचे बाहेर ठेवतो. निरोगी कातडीचा सामू ४.५ ते ५.५ च्या आसपास, किंचित आंबटाकडे. अंगाच्या साध्या साबणवडीचा ९ ते १०. कपड्यांच्या पावडरीत नि वड्यांत धुण्याचा सोडा असतो, तो त्याच्याही वर. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायलाच बनवलेला, तो कढईचा तेलकटपणा आणि हाताचा यांत फरक करत नाही. त्यात तारेची घासणी. आणि लोकांना खरे वाटत नाही, पण नुसते पाणीही हात खाते. तासन्‌तास ओले राहिलेले कातडे फुगते, सुकताना आकसते, आणि दर वेळी त्यातला स्निग्धांश थोडा थोडा निघून जातो. पाणी गरम असेल तर लवकर निघून जातो. म्हणून थंडीत हात उलले की बायका कढत पाण्यात भांडी घासतात, त्याने बरे वाटते आणि बिघडते.

जर्मनीत कामगारांच्या कातडीसाठी सरकारी नियम आहेत. दिवसात नेमाने २ तासांहून जास्त वेळ हात ओल्यात जात असतील तर ते 'ओले काम' धरले जाते, आणि हातांची काळजी ही कामगाराची खासगी बाब न राहता काम देणाऱ्याची जबाबदारी होते. आपल्याकडच्या किती जणी त्यात बसतील ते बघा. धुणी-भांडी करणाऱ्या, वॉर्डातल्या सिस्टर आणि आया, खानावळीत ताटे विसळणारी मुले, ब्यूटी पार्लरमध्ये दिवसभर डोकी धुणाऱ्या मुली, मासे कापून विकणाऱ्या, तान्ह्या बाळाची आई. आणि घरातली गृहिणी, जिचे २ तास सकाळच्या डब्यांतच संपतात.

शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्यांची जन्मकथा आम्हाला नर्सिंगला असताना सांगितली होती, ती इथे सांगते कारण ती माझ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड नावाचे शल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलाइन हॅम्प्टन ही मुख्य परिचारिका. तेव्हा जंतू मारायला पारायुक्त द्रावणात, मर्क्युरिक क्लोराइडमध्ये, हात बुडवावे लागत. १८८९-९० च्या हिवाळ्यात तिच्या हातांना त्या द्रावणाने इतका त्रास झाला की काम सोडायची वेळ आली. हॅल्स्टेड यांनी तिच्या हातांचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करून घेतले. पुढे त्यांचे लग्नही झाले, १८९० साली. हातमोज्यांनी रुग्णाला जंतुसंसर्ग कमी होतो हे नंतर लक्षात आले. सुरुवात झाली ती एका काम करणाऱ्या बाईचे हात वाचवायला, आणि ती केली तिच्याकडून काम घेणाऱ्याने. सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. आमच्या गल्लीत बाईला साबण देतात, घासणी देतात, संडासात टाकायला अ‍ॅसिडची बाटली हातात देतात, पण हातमोजे देणारे घर शोधावे लागते.

मी हे अनेक घरी बोलले. बोलले की पहिले उत्तर येते, "आम्ही देऊ हो, पण त्या घालत नाहीत." त्यात तथ्य आहे, आणि न घालण्याची कारणेही आहेत. मोजा मोठा असला की काचेचा पेला निसटतो, आणि फुटला तर बोलणी कोण खाणार? रबर आत घामेजते आणि घामाने खाज आणखी वाढते. बोटाला बारीक भोक पडले की साबणाचे पाणी आत शिरून तिथेच साठते, ते तर उघड्या हाताहून वाईट. आणि एक कारण कोणी उघड बोलत नाही. बाई मोजे घालून भांड्याला हात लावते म्हणजे जरा जास्तच झाले, असे काही घरांना वाटते. बाईलाही ते ठाऊक असते.

पहिल्या तिन्हींवर इलाज आहे. मापाचे मोजे घ्यावेत, लहान हाताला लहान. मोजे मनगटाच्या वर यावेत आणि तोंड दुमडून घ्यावे, म्हणजे हात वर केल्यावर पाणी कोपराकडे न जाता तिथेच अडते. आत पातळ सुती मोजे घालावेत, वाहतूक पोलिसांचे असतात तसले, आणि ते रोज धुवावेत. हात आधी कोरडे करून मगच आत घालावेत. सलग वीसेक मिनिटांहून जास्त वेळ मोज्यांत काढू नये, मध्ये काढून हात पुसून घ्यावेत. काम झाले की मोजे उलटे करून टांगावेत, आणि भोक पडले की टाकून द्यावेत. काहींना रबराचीच अ‍ॅलर्जी असते. मोजे घातल्यावर मनगटापर्यंत खाज आणि गांधी उठत असतील तर नायट्राइल या कृत्रिम रबराचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावेत. घरकामाचा साधा रबरी जोड शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. प्रत्येक घराने आपल्या मोरीत एक जोड ठेवला तर बाईला सहा घरांतून मोज्यांचे बोचके घेऊन फिरावे लागणार नाही.

चौथ्या कारणावर इलाज एकच. मोजे घरच्या बाईनेच तिच्या हातात द्यावेत आणि "घालूनच घासा हो" असे तोंडाने म्हणावे. आमच्या शेजारच्या वहिनींनी तसे केले. त्यांची बाई आता इतर घरीही मोजे मागते.

मलमाबद्दल. हात मऊ ठेवायला महागड्या बाटलीची गरज नाही. बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली, नाहीतर घरचे खोबरेल तेल, हे उत्तम. सुगंधी क्रीमने उललेल्या हातांना उलट चुरचुरते, आणि काहींना त्या वासाचीच अ‍ॅलर्जी असते. खरी गोष्ट वेळेची आहे. हात पाण्यातून काढले, बोटांच्या बेचक्यांसकट नीट टिपून घेतले, की लगेच लावायचे, कातडी किंचित दमट असतानाच. सकाळी एकदा आणि रात्री एकदा लावून भागत नाही. जितक्या वेळा हात पाण्यात, तितक्या वेळा लावायचे. छोटी डबी ब्लाउजच्या पिशवीत किंवा कमरेच्या बटव्यात ठेवावी. रात्री जरा जाड थर देऊन वर जुने सुती मोजे घालून झोपावे. पहिल्या दोन-तीन रात्रींतच चिरांची आग कमी होते, पण कातडी पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. बरे दिसायला लागले की बायका सोडून देतात, तिथेच गाडी परत मागे येते.

भांड्यांची वडी हातात धरून घासण्याऐवजी साबण वाटीत पाण्यात कालवून घ्यावा. घासणी मुठीची मिळते ती घ्यावी. अंगठ्या काढून काम करावे, कारण अंगठीखाली साबण साठतो आणि इसबाची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. काचेच्या बांगड्या उतरवा असे मी कोणाला सांगितले नाही, कोणी ऐकणारही नाही. त्या वर सारून मनगट कोरडे करा एवढेच सांगत असे. संडासाचे अ‍ॅसिड उघड्या हाताने कधीच हाताळू नये. ते आणि ब्लीचचे पाणी तर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ज्यांना सारखे हात धुवावे लागतात त्यांनी हात मळलेले नसतील तेव्हा साबणाऐवजी ग्लिसरीन घातलेले सॅनिटायझर वापरावे. चिरांवर ते झोंबते म्हणून लोक त्यालाच दोष देतात. कातडीला मात्र साबणापेक्षा ते सौम्य असते.

स्वयंपाकघरातल्या काही वस्तू डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. लसूण सोलणाऱ्या उजव्या हाताच्या बाईला डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्याच टोकांना भेगा पडतात, कारण पाकळी त्या तीन बोटांत धरलेली असते. एवढे बघून आमचे डॉक्टर विचारत, "खानावळीत काम करता का?" बहुतेक वेळा उत्तर 'हो' असायचे. मिरची ठेचून हात भगभगत असेल तर पाण्याने धुऊन उपयोग नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळावे, मग साबण. अळू, सुरण चिरताना खाजते ते त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांनी, तेव्हा हाताला तेल लावून आणि हात कोरडे ठेवून चिरावे. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचे तेल आणि बिब्बा ही एकाच कुळातली मंडळी आहेत. एकाचा त्रास असणाऱ्याने दुसऱ्यापासून जपावे.

आता आमच्या भागाचे एक दुखणे, ज्याबद्दल पेपरात फार क्वचित येते. मिरज, तासगाव, कवठेमहांकाळकडे ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षांच्या काडीला पेस्ट लावतात. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइडचे औषध. काडीवरचे झोपलेले डोळे, म्हणजे कोंब, एकदम जागे व्हावेत आणि सगळ्या बागेत फूट सारखी निघावी म्हणून ते लावायचे असते. लावतात बायका, टोळीने, एकेका डोळ्याला, हाताने, कापडाच्या किंवा स्पंजच्या बोळ्याने. हे औषध कातडीला अतिशय तीव्र आहे. त्या आठ-पंधरा दिवसांत ओपीडीत ज्या बायका यायच्या त्यांच्या बोटांची सालपटे निघालेली असत, तळवा लालभडक, काहींच्या मनगटावर फोड. विचारले तर म्हणत, "मोजे होते की." बघितले तर कापडी मोजे. कापडी मोजा औषध शोषून घेतो आणि दिवसभर हाताला पोटीस बांधल्यागत धरून ठेवतो. नुसत्या हाताला लागले तर निदान धुता तरी येते. इथे लांब बाहीचे, रसायन आत न झिरपणारे रबरी किंवा नायट्राइलचेच मोजे हवेत, अंगावर पूर्ण बाह्या हव्यात, आणि बांधावर भरपूर पाणी नि साबण हवा. हे औषध हाताळल्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, उलट्या असा त्रास होतो, म्हणून काम करणाऱ्या पुरुषांना त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस थेंबभरही न घेण्याची सक्त ताकीद द्यावी लागते. द्राक्षबागेला माणूस एकरी किती खर्च करतो ते आम्ही सगळे जाणतो. औषधाच्या बिलात मोज्यांचा खर्च दिसणारसुद्धा नाही.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबबद्दल लिहिले नाही तर हे पत्र अर्धवट राहील. "हाताला खाज सुटते, एखादी ट्यूब द्या," असे म्हटले की स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. मग वर्ष वर्ष लावतात. कातडी पातळ होते, नसा दिसू लागतात, आणि मुळात तो नायटा असेल तर तो आतून पसरत जातो. त्याचे रूपही इतके बदलते की तज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही विक्री होते हे आपण सगळे बघतो. दुसरीकडे, डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिले की घाबरून न लावणारेही आहेत, तेही चूक. हाताच्या जाड कातडीला बऱ्याचदा तेच लागते, ठरलेल्या दिवसांपुरते आणि ठरलेल्या मापाने. माप सोपे आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते.

आणि सगळेच साबणाचे नसते. एकाच हाताला सालपटे निघत असतील आणि दोन्ही पायही तसेच असतील तर तो नायटा असण्याची शक्यता फार. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते आणि घरात इतरांनाही तसेच होते, तर खरूज, मग औषध सगळ्या घराने एकदम घ्यायचे. बोटांच्या कडेला बारीक, खोल, पाण्याने भरलेल्या पुळ्या येऊन जातात तो इसबाचाच एक प्रकार. पू, सूज, ताप असेल तर वाट बघू नये. मधुमेह असेल तर साध्या भेगेलाही दाखवावे. चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, गरम भांडे चटका लागूनही जाणवत नसेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तो कुष्ठरोग असू शकतो, औषध मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

साबण-पाण्याने झालेला इसब मात्र एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मी शक्य तितक्या मोठ्याने सांगते, कारण त्यापायी पोटावर पाय आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. घरची मंडळी हात बघतात, "घरात लहान मूल आहे, तू थोडे दिवस येऊ नको" म्हणतात, आणि थोड्या दिवसांनी दुसरी बाई लागलेली असते. ज्या घराच्या साबणाने हात गेले त्याच घराने हात बघून कामावरून काढायचे, याचा मला आजही संताप येतो. आमच्याकडे काही बायका डॉक्टरांकडून केसपेपरवर 'हा आजार स्पर्शाने पसरत नाही' असे मराठीत लिहून घ्यायच्या आणि घडी करून कामाच्या घरी दाखवायच्या. असा कागद मागावा लागू नये. पण लागला तर जरूर मागावा, डॉक्टर देतात.

हातांच्या रेषा पुसल्या की आणखी एक अडचण होते, ती शहरातल्या सुखवस्तू वाचकांना सुचणारही नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटत नाही. मावशी अंगठा ठेवतात, पुसून ठेवतात, पदराला घासून ठेवतात, मागची रांग कुरकुर करते, आणि दुकानदार "उद्या या" म्हणतो. त्या एका उद्यासाठी एका दिवसाचा खाडा होतो. इसब बरा झाला की बोटांच्या रेषा बहुधा परत उमटतात, तेव्हा धीर सोडू नये. तोवर आधारच्या पडताळणीत बुबुळांची आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय आहे, ती दुकानदाराकडे आग्रहाने मागावी. त्यासाठी आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडलेला हवा. अनेकींचा जोडलेला असतो तो नवऱ्याचा किंवा कधीचाच बंद पडलेला.

आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. नोंदणी झालेल्या बाईला मंडळाकडून वर्षाला दोन जोड मोजे आणि पेट्रोलियम जेलीची मोठी डबी मिळाली तर किती हात वाचतील! नगरसेवकांकडून हळदी-कुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या वाटल्या जातात, त्याऐवजी रबरी मोजे वाटावेत असे मी आमच्या प्रभागात सुचवले आहे. बघू काय होते.

आणि आपल्याला एक शेवटची विनंती. नाव ऑक्टोबर छाटणी असले तरी छाटण्या साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात. त्याआधीच पेस्ट लावताना हातांची काळजी कशी घ्यावी यावर एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून सविस्तर लिहून घ्या. मात्र तो मजकूर महिलांच्या पुरवणीत नको. शेतीच्या पानावर, औषधांच्या वेळापत्रकाशेजारी छापा. मोजे ज्याने विकत घ्यायचे आहेत तो बागायतदार तेच पान वाचतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज